पाचशे शहात्तर ओळी

दस्तगीरचाचा म्हणायचे, याच्याकडून जे होत नाही
ते याला मागायचं नाही.
म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत कोण जुंपतं?
पण सरळ तास तोच धरतो.

खांद्यावरचा कॅमेरा, कॅसेटवाला, दोन हजार चारचा.
अख्खं चित्र पाचशे शहात्तर ओळींचं,
त्यावर एक ओळ मिळायची नाही.
विट्यात आता पोरं ड्रोन उडवतात हळदीच्या मांडवावर.
मला लग्नाला कुणी बोलवत नाही.

इंदुमती म्हेत्र्यांनी बोलावलं ते शेवटच्या पाळीला.
बारा माग. सोमवारी भंगारवाला येणार, किलोवर.
"दिसतंय ते घ्या," म्हणाल्या, "सुंदर करू नका."

मग चाचांचं एकेक आठवत गेलो.
हेड पुसायची कॅसेट दहा सेकंद, अकरावा नाही.
शेडमध्ये शिरेपर्यंत लेन्सवर रुमाल,
तिथली हवा निम्मी कापूसच असते.
पांढऱ्यासाठी कागद शोधला नाही,
मागावरचंच मांजरपाट समोर ताणलं, बटण दाबलं:
हे पांढरं. बाकीचं याच्यावरून ठरव.
मांजरपाट जरा पिवळट, म्हणून सगळं किंचित निळं पडलं.
पडू दे.
गेन शून्यावर. अंधार उजळायला गेलो
की चित्राला मुंग्या येतात.

लांबून सगळी शेड घेतली तर माणसं तांदळाएवढी,
नाक कुठलं, डोळा कुठला, याला कळत नाही.
झूमला हात न लावता
चालत गेलो, इतका जवळ
की यल्लाप्पा जॉबर म्हणाला, "आत येतोस का मागात?"
धोटा बदलतानाचा त्याचा अंगठा घेतला.
अंगठ्याला ओळी पुरल्या.
उरल्यासुद्धा.

शर्ट बारीक चौकड्याचा होता त्याचा.
या कॅमेऱ्यात बारीक रेघ अळीसारखी वळवळते.
काढ म्हणालो.
बनियनवर उभा राहिला, लाजला,
मग सूत तुटलं आणि लाजायचं विसरला.

हा एका दमात चित्र काढत नाही.
एक सोडून एक ओळ आधी भरतो, राहिलेल्या मागून.
तेवढ्यात धोटा पुढे गेलेला असतो,
म्हणून थांबवून बघितलं
तर धोट्याच्या कडेला दाते फुटलेले दिसतात.
गिऱ्हाईक म्हणतं, बिघाड आहे.
यल्लाप्पाला छोट्या पडद्यावर दाखवलं.
"फणी हाय की ही," म्हणाला,
"बरोबर आलंय."

आवाजापुढे मात्र हात टेकले.
माइकला टॉवेल गुंडाळला, लेव्हल खाली ओढली,
तरी काटा तांबड्यातच.
कांड्या भरणाऱ्या मैनाबाई तिथून काहीतरी बोलल्या, नुसत्या ओठांनी.
तीस वर्षं त्या तशाच बोलतात.
इंदुमतींना कळलं, त्या तोंडाला पदर लावून हसल्या.
मी विचारलं नाही.
कॅसेट फिरत होती.

साडेपाचला मेन स्विच खाली.
कोपऱ्यातला एक माग दोन खटके जास्त मारून थांबला.
माझा अंगठा बटणावर गेलेला,
आणि चाचा कानाशी:
काम संपलं म्हणून शॉट संपत नाही रे, दहा मोज.

लेव्हल ऑटोवर टाकली. मोजायला लागलो.
या माइकला शांतता सोसत नाही,
काही नसलं की जे असेल ते मोठं करतो.
तापलेला पत्रा कडकडला.
मैनाबाईंच्या बांगड्या.
कुणीतरी नाक ओढलं, कोण ते चित्रात नाही.
आणि सगळ्याच्या खाली, बारीक, एकसारखी,
कॅसेट ओढणारी कॅमेऱ्याचीच मोटर.

दहा झाले.
कॅसेटवर चार मिनिटं शिल्लक होती.
मी पुन्हा एकपासून मोजलं.